पुढच्या खेपेचं पिंप

या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसत नाही. बसावा असा माझा आग्रहही नाही. टीट्री फ्लॅट या आमच्या खाणीच्या गावात माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आमचा पाद्री. त्याचं चर्च ट्रकवर चढवून नेलं, तेव्हा तोही मागोमाग निघून गेला. तरी सांगते. दारू कंपनीचा एक अख्खा ट्रक, त्याच्या चाकांसकट आणि ड्रायव्हरसकट, मी दोन हिवाळे अडवून धरला होता. हातात बंदूक नव्हती, रस्त्यावर दोर नव्हता. नुसतं एक पिंप होतं. बिअरचं.

"मागच्या नाताळात सांगितलंस तेव्हा तीन हिवाळे होते," टॅम्सिन म्हणाली.

टॅम्सिन म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. किनाऱ्यावरच्या बर्नी शहरातून गाडीला ट्रेलर जोडून मला न्यायला आली आहे. आमच्या गावात आता माझं घर, पबची चिमणी आणि वळणावरची गावाच्या नावाची पाटी एवढंच उरलंय, आणि पाटीला एकटं वाटत नाही. म्हणून मलाच न्यायचं ठरलं. खाट ट्रेलरवर चढली, घड्याळ चढलं. आता आम्ही मागच्या धुण्याच्या खोलीत होतो. पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि छपराच्या भोकातून थेंब बादलीत पडत होते... टिंग... टिंग. मी पिंपावर बसले होते.

"ऊठ आता मावशी. हे काय आहे?"

"स्टूल."

"स्टूलला गोधडी कशाला गुंडाळली आहेस?"

"मला बसायला ऊब लागते."

"आणि हा बंब अजून कोमट कसा?" तिनं कपडे उकळायच्या तांब्याच्या बंबाला हात लावला.

"धुणं केलं सकाळी."

"तुझं धुणं मी कालच बांधून ठेवलं." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "हे बघ, ट्रेलरचा आस आधीच वाकलाय. रिकामं असेल तरच न्यायचं. भरलेलं काही मी त्या घाटातून नेणार नाही."

"रिकामंच आहे गं. पण आधी गोष्ट ऐक, मग उचल. कुणाची वस्तू उचलतेस ते तरी कळू दे."

ती उंबऱ्यावर बसली. माझी भाची आहे. तिला माहीत आहे की मी खोटं बोलते. आणि मला माहीत आहे की ती ऐकते.

तर ऐक.

बाबांच्या छातीत खाणीतली दगडाची भुकटी बसली होती. चार पावलं चालले की दम लागायचा. डॉक्टरनं टेकडी चढायला बंदी घातली. बिअरला नव्हती घातली, पण पब नेमका टेकडीवर. तेव्हा मी घरीच बिअर करायला लागले. याच बंबात माल्टचा घट्ट पाक उकळायचा, त्यात हॉप्सची कडवट फुलं मूठ मूठ टाकायची, शेवटी लेदरवुडच्या झाडाचा मध. बादल्यांत आंबवायची, मग बाटल्यांत भरायची. वास असा यायचा की बुटक्या कांगारूसारख्या वॉलबी कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या आणि तोंड दुसरीकडे करून, आपण सहज आलोय असं दाखवायच्या.

पण बाटल्या फुटायच्या. साखर जराशी जास्त पडली की बाबांच्या खाटेखाली एकेक बाटली धाडकन उडायची. बाबा म्हणायचे, "थर्झे, सगळा जन्म सुरुंगांत काढला, आता झोपेतही तेच का?"

मग पूर आला, आणि पुरातून हे पिंप आलं. वरच्या वळणावर कधीतरी ट्रकवरून घरंगळलं असणार. नदीतून गिरक्या घेत आमच्या परड्यात आलं, आणि त्याच्यावर बदकाच्या चोचीचा एक प्लॅटिपस बसला होता. घरमालकासारखा. पिंप काठाला लागल्यावर तो उतरला, मागे वळून एकदा पिंपाकडे बघितलं आणि निघून गेला.

"बसला होता," टॅम्सिन म्हणाली.

"पाय पोटाशी घेऊन."

असं मजबूत, चकचकीत पिंप! यात भरली तर बिअर फुटायचं नाव घेणार नाही. प्रश्न एवढाच, की ते उघडायचं कसं. तोंडाशी एक कडी असते, तिच्याखाली लांब नळी थेट बुडापर्यंत गेलेली. मी स्क्रूड्रायव्हर घेतला, हातोडी घेतली आणि कडी उचकटली.

आत कंपनीचा वायू तुंबलेला असतो, हे मला कुणी सांगितलं होतं?

एक आवाज झाला. फेसाचा डोंगर माझ्या अंगावर आला आणि नळी... नळी नव्हतीच. छपराला हे भोक होतं, आणि भोकातून पाऊस माझ्या नाकावर पडत होता. नळी ढगात शिरली. तिथं किती वेळ होती देवाला ठाऊक. बाबांचा एक कप चहा पिऊन झाला. मग रस्त्यावर ठण्ण असा आवाज आला, आणि ब्रेक करकचून लागल्याचा.

थोड्या वेळानं या दारात एक माणूस उभा राहिला. उंच, निथळणारा. टोपीच्या कडेवरून पाण्याची झालर लागलेली. हातात नळी, दोन्ही हातांनी धरलेली, एखादं नाजूक फूल असावं तशी.

"ही... तुमची का?"

माझ्या केसांत फेस, भुवयांवर फेस, पापण्यांवर फेस. मी म्हणाले, "नाही बुवा. आमच्याकडे असली नळी नसते."

त्यानं वर भोकाकडे पाहिलं. मग पिंपाकडे. मग माझ्याकडे—आणि तिथं जरा जास्त वेळ थांबला.

"मग हे छप्पर?"

"हवेशीर असावं म्हणून."

तो हसला नाही. पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हा माणूस कानांनी हसतो, हे मला नंतर कळलं.

विम त्याचं नाव. आईबाप हॉलंडहून बोटीनं आलेले, तो बर्नीत वाढलेला. कंपनीची भरलेली पिंपं पबला पोहोचवायची आणि रिकामी परत न्यायची, हे त्याचं काम. माणूस असा सरळ, की रस्त्याची वळणं घेतानासुद्धा त्याला वाईट वाटत असावं.

"हे पिंप कंपनीचं आहे," तो म्हणाला. "गळ्यावर नाव कोरलंय, बघा."

"मला नदीनं दिलं."

"नदीला कंपनीनं दिलेलं नव्हतं."

"मग नदीशी भांडा. जा, ती बाहेरच आहे."

परत कान लाल. तो खाली गुडघ्यावर बसला आणि मला समजवायला लागला. आधी इथं, तोंडातला हा गोळा लाकडानं हळूच दाबायचा. वर फडकं धरायचं. तोंड बाजूला करायचं. आतला आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची, आणि मगच कडीला हात लावायचा. मग नळी परत कशी बसवायची, तेही दाखवलं. सांगताना त्याचं मनगट माझ्या मनगटाला लागलं. थंडगार होतं. मी हात काढला नाही... त्यानंही नाही.

"आत कोंडलेलं असताना उघडू नका हो कधी," तो म्हणाला. "तुमचा डोळा गेला असता."

"गेला असता तर तुम्हाला काय? तुम्ही पिंप न्यायला आलाय, डोळे नाही."

तेवढ्यात बाबांनी पुढच्या खोलीतून हाक मारली, "अहो नळीवाले! या, चहा घ्या, खिम्याची पास्टी गरम आहे!" आणि तो गेला. मी कोरडा टॉवेलसुद्धा दिला, म्हणजे बघ.

चहा, पास्टी आणि बाबांच्या खाणीतल्या गोष्टी म्हणजे निदान तासाभराची निश्चिंती. तेवढ्यात मी पिंप उकळत्या पाण्यानं विसळलं, तयार बिअर बादल्यांतून काठोकाठ ओतली आणि नळी बसवून कडी लावली. कशी बसवायची ते त्यानंच शिकवलं होतं ना! चूक त्याची.

तो परत आला. पिंपाशी वाकला आणि बोटांच्या पेरांनी ठोकलं. पिंपवाल्यांची ती रीत असते. डोळ्यांनी बघत नाहीत, ठोकून ऐकतात. रिकामं पिंप घंटेसारखं वाजतं. भरलेलं बोलत नाही, नुसतं थप्प करतं.

थप्प.

"मघाशी रिकामं होतं," विम म्हणाला.

"मघाशी होतं."

"भरलेलं पिंप परत नेता येत नाही. नियम आहे. आवारात घेतच नाहीत."

"अरेरे," मी म्हणाले. "मग हो?"

त्यानं टोपी घातली, काढली, परत घातली.

"मग... पुढच्या खेपेला."

"असं सुरू झालं?" टॅम्सिननं विचारलं. तिच्या हातात एक दोरी होती, ती तिनं मांडीवर ठेवून दिली.

असं सुरू झालं. दर एका गुरुवाराआड तो घाट उतरून यायचा. पबची पिंपं उतरवायची, रिकामी चढवायची आणि जाताना आमच्या दाराशी थांबायचं. आत यायचं, वाकायचं, ठोकायचं. थप्प. मी म्हणायचे, "काय करू बाई, संपतच नाही."

"मी मदत करतो," तो म्हणायचा. "लवकर संपावं म्हणून."

मग मी त्याला एक पेला भरून द्यायचे. तो या बंबाला पाठ लावून बसायचा, ओल्या लोकरीचा वास यायचा, फेस त्याच्या वरच्या ओठाला लागायचा. मी सांगायचे नाही. बघत राहायचे.

"या खेपेला मध जास्त झालाय का गं?" केव्हातरी तो 'गं' म्हणायला लागला होता.

"मध तेवढाच आहे. तूच बदललास."

"मी कुठं बदललो?"

"पहिल्यांदा आलास तेव्हा पिंपाकडे बघत होतास."

कान! अरे देवा, काय ते कान! दिवा लावायची गरज पडायची नाही.

आणि तो गेला रे गेला की मी बंब पेटवायचे. दोन आठवडे म्हणजे नवी बिअर जेमतेम होते. खाली जेवढी उतरेल तेवढी वरून भरायची. गावात कुणी आजारी असो, कुणाचं लग्न असो, खाणीत संप असो, माझ्या बंबाखालची लाकडं विझली नाहीत. पोरींच्या हातांना साबणाचा वास यायचा, माझ्या हातांना हॉप्सचा. थंडीत बिअर आंबेना, तेव्हा आईची गोधडी काढून बादल्यांना गुंडाळली, आणि मी कोट घालून झोपले.

असं समजू नकोस की लबाडी एकट्या माझीच होती. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तो एक पत्रा घेऊन आला. भोकाला लावायला, बरोब्बर मापाचा कापलेला. "आज पाऊस आहे," म्हणाला, "पुढच्या खेपेला लावतो." इथं पाऊस नाही असा दिवस असतो का? आणि ज्या दिवशी खरंच ऊन पडलं, त्या दिवशी तो खिळे विसरला. त्याच्या पुढच्या खेपेला खिळे होते, हातोडी नव्हती. हातोडी माझ्याकडे होती. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

बाबांना सगळं कळत होतं. एकदा विम वाकून ठोकत होता, तर हे खाटेवरून ओरडले, "पिंपावर किती दिवस ठोकशील रे लेका? दारावर कधी ठोकणार?"

विम इतका गडबडला की त्यानं खरोखरच उठून दारावर ठोकलं. आम्ही तिघंही हसलो. बाबांना हसता हसता खोकला आला आणि तो थांबेना, तेव्हा विमनंच त्यांना पाठीशी हात घालून उठवून बसवलं. तसाच बसून राहिला, त्यांचा श्वास सापडेपर्यंत. एवढ्या मोठ्या हाताचा माणूस... इतक्या हलक्या हातानं... मला तेव्हाच बोलायला हवं होतं, नाही का? पण मी म्हटलं, घाई काय आहे. पुढच्या खेपेला.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी खाणीचा भोंगा वाजला नाही.

भोंगा न वाजण्याचा आवाज काय असतो, तुला कळायचं नाही टॅम्से. सगळं गाव घड्याळाकडे बघत उभं होतं. मग एकेक घर निघायला लागलं. लाकडाची घरं, खालून उचलायची, लांब ट्रकवर ठेवायची आणि न्यायची. खिडक्यांना पडदे तसेच. समोरच्या घरातली मांजर खिडकीत बसूनच गेली, माझ्याकडे बघत. शाळा गेली. चर्च गेलं. ज्या ज्या ठिकाणी घर होतं, तिथं चार खुंट आणि एक नळ राहिला, आणि नळाशी कुणाच्या तरी हातचे डॅफोडिल्स फुलले, बघायला कुणी नसताना.

माझा बंब मात्र पेटत होता.

एका खेपेला विम आला, तेव्हा पेला हातात घेऊन नुसता बसला. प्यायला नाही. फेस बसून गेला.

"थर्झा."

"काय?"

"पुढच्या खेपेला... पिंप रिकामं ठेवशील?"

मी हसून म्हटलं, "का रे? कंपनी ओरडते?"

"कंपनीचं नाही." तो पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "माझं... म्हणजे मला वाटतं. एकदा रिकामं असू दे. मग काय ते बोलता येईल."

"काय बोलायचंय? आता बोल की."

"आता भरलेलं आहे," तो म्हणाला.

सरळ माणूस! त्याच्या डोक्यात त्याचा हिशेब पक्का होता. माझ्या डोक्यात माझा. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, याला हे प्रकरण मिटवायचंय. गाव संपत आलं, तेव्हा कंपनीची वस्तू कंपनीला देऊन, हात झटकून, चांगल्या शब्दांत निरोप घ्यायचा. रिकामं पिंप म्हणजे शेवटची खेप. मी मनात म्हटलं, थांब गड्या, भरलेलं पिंप परत नेता येत नाही. नियम तुझा आहे. जोवर हे भरलेलं आहे, तोवर कंपनीलासुद्धा हा रस्ता बंद करता येणार नाही. तुला यावंच लागेल.

त्या दोन आठवड्यांत मी जी बिअर केली, तशी या बेटावर कुणी केली नसेल. मध असा घातला की लांबून मधमाश्या यायच्या आणि छपराच्या भोकातून रांगेनं आत शिरायच्या. हॉप्सची फुलं एकेक निवडून. शेवटचा थेंब टाकला तेव्हा कडी बसेना, इतकं भरलं. मग आईची गोधडी पिंपाला गुंडाळली आणि वर बसून राहिले. अशी. हीच गोधडी.

"मावशी—"

"थांब. मध्ये बोलू नकोस."

गुरुवार आला. पाऊस नव्हता. धुकं होतं, आणि धुक्यात ट्रकचा आवाज लांबून येत होता, एकेक वळण घेत. तो आत आला तर मी बघतच राहिले. इस्त्रीचा शर्ट. टाय—टाय, टॅम्से! पिंपं उचलणाऱ्या माणसाच्या गळ्यात! केस पाण्यानं चापून बसवलेले. मी म्हटलं, "काय रे, कुणाच्या लग्नाला निघालास?"

कान लाल होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकला, गोधडी जराशी सारली... आणि ठोकलं.

थप्प.

तो तसाच राहिला. मग हात थोडा वर नेला आणि परत ठोकलं. थप्प. मग आणखी वर, अगदी गळ्याशी, जिथं चार बोटं तरी रिकामी जागा असतेच. तिथं ठोकलं. हळू. एखाद्या आजारी माणसाचं दार वाजवावं तसं.

थप्प.

"भरलेलं आहे," तो म्हणाला.

"काठोकाठ!" मी म्हणाले. छाती फुगवून म्हणाले गं. कमरेवर हात ठेवून. "आता काय करशील?"

त्याचा तळहात पिंपावर होता. तो त्यानं काढला नाही कितीतरी वेळ. मग उठला. कान पांढरे पडले होते. मी ते बघितलं होतं, टॅम्से, आणि मला वाटलं, हरला बिचारा! जिंकले मी!

"बरं," तो म्हणाला. "मग... पुढच्या खेपेला."

"पुढच्या खेपेला!"

तो पत्र्याकडे गेला. भिंतीशी टेकवलेला होता, तोच, मापाचा कापलेला. त्याच्यावरून एकदा हात फिरवला. आणि बाहेर पडला.

मी दारात उभी राहिले, हात करायला. ट्रक वळला, आणि वळताना पुढची दुसरी बाजू माझ्याकडे आली. त्याच्या शेजारच्या सीटवर कायम साखळ्यांचा, दोरांचा, ओल्या पोत्यांचा ढीग असायचा. कुत्र्यालासुद्धा बसता आलं नसतं. त्या दिवशी तिथं काही नव्हतं. सीट पुसलेली होती. वर एक नवी लोकरीची शाल घडी करून ठेवली होती, आणि दाराखाली, मला सहज चढता यावं म्हणून, एक लाकडी पायरी बांधलेली होती.

रिकामं पिंप मागे. आणि मी पुढे. एवढंच त्याला बोलायचं होतं. त्यानं विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं. काठोकाठ.

"बाबा!" मी ओरडले. "पुढच्या खेपेला कधी येईल तो? बाबा!"

बाबा खिडकीशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "पोरी, पबला टाळं लागलं आज. पुढची खेप नाही. मला वाटलं तुला ठाऊक आहे... मला वाटलं, तू माझ्यासाठी नाही म्हणालीस."

मी धावले. रबरी बूट घालून धावले, घाटाची तीन वळणं तिरकी कापली, दोन टेकड्यांवरून उडी मारली, एका वॉलबीला मागे टाकलं. चौथ्या वळणावर धुकं होतं. नुसतं धुकं. आणि डिझेलचा वास.

पबच्या ओसरीवरचा फोन अजून चालू होता. अंधार पडल्यावर कंपनीच्या आवारात लावला. तिथला माणूस म्हणाला, विम? तो आज संध्याकाळच्या बोटीनं समुद्रापलीकडे गेला, मुख्य भूमीवर. कुठं ते नाही सांगून गेला. एकाच्याऐवजी दोन तिकिटं काढली होती बावळटानं, एक परत करायलाही आला नाही.

त्या हिवाळ्यात बाबा गेले.

पत्र्यावर पाऊस वाढला होता. टिंग... टिंग... बादली भरत आली होती. टॅम्सिननं उठून ती ओतली आणि परत भोकाखाली ठेवली. जाता जाता भिंतीशी टेकवलेल्या पत्र्याला तिचा हात लागला; कडा गंजून झिजल्या आहेत, तरी माप चुकलेलं नाही.

"मग?" ती म्हणाली.

मग काय! रडत बसणारी बाई वाटले का मी तुला? दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, हेच पिंप बाहेर ढकलत नेलं आणि सगळी बिअर नदीत ओतून दिली. शेवटच्या थेंबापर्यंत. आठवडाभर नदीतले प्लॅटिपस उलटे पोहत होते, आणि एक तर रोज संध्याकाळी दाराशी येऊन गाणं म्हणायचा. पाडेमेलन, म्हणजे वॉलबीची गुबगुबीत धाकटी भावंडं, झिंगून एकमेकांची माफी मागत होते. झालं. पिंप रिकामं झालं आणि मीही मोकळी झाले. परत त्यात एक पेला बिअर भरली असेल तर शपथ! बंब पेटवला तो धुण्यासाठी. गुरुवार आला तरी मला कळायचं नाही की गुरुवार आहे. ट्रकचा आवाज आला तर मी मान वर करायचे नाही. इथं राहिले ती हवा चांगली म्हणून. इतकी वर्षं गेली, हे नुसतं स्टूल आहे बघ. हलकं. एका हातानं उचलशील.

"घे," मी म्हणाले आणि उठून उभी राहिले. "ठेव ट्रेलरवर. बर्नीला बसायला लागेल मला."

टॅम्सिन पुढे आली. तिनं पिंप उचललं नाही. ती खाली वाकली, गोधडी जराशी सारली आणि बोटांच्या पेरांनी ठोकलं. मग हात थोडा वर नेऊन. मग अगदी गळ्याशी.

भोकातून थेंब पडला. टिंग.

तिनं तळहात पिंपावर ठेवला, आणि काढला नाही.

"नळी ढगात गेली होती, मान्य," ती म्हणाली. "प्लॅटिपस पाय पोटाशी घेऊन बसला होता, तेही मान्य. वॉलबीला तू मागे टाकलंस, ते मी सगळ्या बर्नीला सांगेन. पण हे खोटं बोललीस, मावशी. हे काठोकाठ भरलेलं आहे."